मोठे टायर टाकलेत? मग एक्सलचा हिशेब एकदा वाचाच



16 जूनपासून मासेमारी बंद आहे. 15 ऑगस्टपर्यंत नावा काठावरच राहणार. जाळी दुरुस्त करायची आणि गाडीचं काम काढायचं ते याच दोन महिन्यांत. यंदा बऱ्याच जणांनी एकच विचारलं: "फोर-व्हील जीपला मोठे टायर टाकले, चिखलात उंची मिळाली, पण माल भरला की चढावर ओढत नाही. क्लच जळतो. स्वस्तात काय करता येईल?"

उत्तर एक्सलमध्ये आहे. आपल्या संस्थेने याच कामात एकदा पैसे घालवलेत, तेही खाली सांगतो.

गाडी जड का होते?

एक्सलच्या गोळ्यात दोन गिअर असतात, मोठा क्राउन आणि छोटा पिनियन. क्राउनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागा. 47 भागिले 11 म्हणजे 4.27. याचा अर्थ प्रॉपेलर शाफ्टचे 4.27 फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. आकडा मोठा असेल तर ओढ जास्त आणि वेग कमी. महायुद्धातल्या विलीज जीपला 4.88 होता. नंतर महिंद्राने इथे बनवलेल्या सीजे-3बी ला 5.38. म्हणून ती जुनी गाडी हळू चालायची, पण कुठेही चढायची.

आता 28 इंची टायर काढून 31 इंची टाकला. चाकाचा घेर वाढला, म्हणजे तोच गिअर आपोआप उंच झाला. 4.27 ची गाडी 3.86 असल्यासारखी वागायला लागते. इंजिन तेच, पण गंभीर धरणाच्या काठच्या काळ्या मातीतून बर्फ आणि माशांच्या पेट्या घेऊन वर यायचं तर क्लच दाबून धरावा लागतो. तिथेच प्लेट जळते.

जुनी ओढ परत हवी तर हिशेब असा: 4.27 × 31 ÷ 28 = 4.73. बाजारात याच्या जवळचा 4.88 (39 आणि 8 दात).

आमची चूक

संस्थेच्या जीपला आम्ही हेच करायला गेलो. भंगारातून 4.88 चा मागचा एक्सल स्वस्तात मिळाला. पुढचा नंतर बघू म्हटलं. मिस्त्री "चालेल" म्हणाला आणि मी सचिव म्हणून सही केली. चिखलात चाकं घसरतात, म्हणून तिथे काही कळलं नाही. एक दिवस ड्रायव्हर फोर-व्हील न काढता डांबरी रस्त्यावर आला. मागचं चाक 7 फेरे घेतं तोवर पुढचं 8 घेऊ पाहतं. दोघांच्या ओढाताणीत ट्रान्सफर केसचा गिअर तुटला. गाडी टोचन करून आणावी लागली. बर्फ वितळला आणि कतल्याच्या तीन पेट्या पडत्या भावाने गेल्या. एका एक्सलचे पैसे वाचवायला गेलो आणि दोन एक्सलपेक्षा जास्त घालवले. सभेत मी हे कबूल केलं होतं, आज इथेही लिहितो.

पैसे खर्च करण्याआधी

1. लो गिअर वापरा. जुन्या जीपचा फोर-लो ओढ सुमारे अडीचपट करतो. काठावरचा चढ पाचशे मीटरचाच असेल तर तेवढंच पुरतं. पण डांबरी रस्ता लागायच्या आधी फोर-व्हील काढायचंच.

2. मूळ मापाचे, पण खोल नक्षीचे टायर परत टाकून बघा. पुष्कळांचं काम इथेच संपेल. शिवाय मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 प्रमाणे गाडीत कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल चालत नाही. उद्या अपघात झाला तर विम्याला अडचण नको. काहीही बदलण्याआधी आरटीओत विचारा.

3. आपला आकडा मोजा. सपाट जागा, इतर तीन चाकांना पक्के दगड, गिअर न्यूट्रल, फोर-व्हील काढलेलं. मागचं एकच चाक जॅकवर घ्या. जुन्या जीपला हॅन्डब्रेक शाफ्टवर असतो, तो सोडा. चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. सव्वाचारच्या थोडं वर आले तर 4.27, पाचाला थोडे कमी तर 4.88. गाडीखाली कुणी जायचं नाही.

बदलायचंच ठरलं तर

दोन्ही एक्सल एकाच वेळी, एकाच आकड्याचे. जमत नसेल तर पैसे जमेपर्यंत थांबा.

सुटे गिअर घेण्यापेक्षा त्याच मॉडेलचे, योग्य आकड्याचे दोन्ही जुने एक्सल गोळ्यासकट मिळाले तर बरं. मजुरी वाचते, कारण आतली बसवणी सहसा जशीच्या तशी राहते. घेताना झाकण उघडून दात बघा. सुटे घेतलेत तर क्राउन आणि पिनियनवर कोरलेला जोडीचा नंबर एकच हवा. एका गाडीचा क्राउन आणि दुसरीचा पिनियन कधीही नाही. काही एक्सलमध्ये आकडा बदलला की क्राउन ज्यावर बसतो तो केजही बदलावा लागतो, हे आधी विचारा. शिम लावून, दातांना रंग लावून ठसा तपासणाऱ्या मिस्त्रीकडेच काम द्या. "अंदाजाने बसवतो" म्हणणाऱ्याकडे नको.

नवे गिअर बसवल्यावर पहिल्या 25-30 किलोमीटरनंतर थांबून एक्सल थंड होऊ द्या. पहिले 800 किलोमीटर ओझं कमी ठेवा, मग तेल बदला.

आपल्या धंद्यातली खास गोष्ट

नाव उतरवताना आपण मागची चाकं पाण्यात घालतो. तापलेला एक्सल एकदम गार झाला की आतली हवा आकसते आणि गोळा पाणी ओढून घेतो. तेल दुधासारखं पांढरं दिसलं तर लगेच बदला, नाहीतर नवा क्राउनही लवकरच खराब होईल. एक्सलच्या श्वासनळीला रबरी नळी जोडून ती चेसिसवर उंच बांधा. सगळ्यात स्वस्त काम हेच आहे.

हिशेब जमत नसेल तर टायरचं माप आणि शाफ्टचे फेरे कागदावर लिहून ऑफिसात या. सोबत बसून काढू. 16 ऑगस्टला पहिल्या दिवशी कुणाची गाडी काठावर अडकायला नको.

आपला,
सचिव