डावा हात मागे पडतो

जुना जालन्यात आमच्या बहिणीच्या घरी ईदच्या दुसऱ्या दिवशी वाद झाला. तेरा वर्षांच्या भाच्याने साठवलेल्या ईदीतून कुणाचा तरी जुना कीबोर्ड विकत आणला होता. अब्बांनी विचारलं, "यानं पोट भरणार आहे का?" दादीजान म्हणाल्या, "वाजवू द्या, मोबाइलपेक्षा बरं." आम्हाला मध्ये ओढलं गेलं, आणि आम्हाला लुईस बँक्स आठवले.

नाव ओळखीचं वाटणार नाही, पण त्यांचं काम आपल्या घरात येऊन गेलंय. १९८८ साली दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' सुरू झालं. चाल अशोक पत्कींची, संगीत संयोजनात लुईस बँक्स. हे मुंबईचे जॅझ पियानोवादक.

जॅझ म्हणजे काय, असं बहिणीने विचारलं. कव्वाल मिसरा धरून मध्येच गिरह लावतो, लांब फिरून येतो आणि नेमका त्याच मिसऱ्यावर उतरतो ना? जॅझवाल्याचंही तसंच. धून ठरलेली, वाट तिथल्या तिथे शोधायची. पियानोवर डाव्या हाताने पाया सांभाळायचा आणि उजव्याने भटकायचं.

बँक्स यांचा जन्म १९४१ साली दार्जिलिंगच्या नेपाळी कुटुंबात झाला. वडील ट्रम्पेट वाजवत. ट्रम्पेटचे बादशहा लुई आर्मस्ट्राँग यांच्यावरून त्यांनी मुलाचं नाव ठेवलं. पहिले उस्ताद वडीलच. गिटार, ट्रम्पेट, पियानो, सगळं घरातच हाताखाली आलं. पुढे काठमांडूच्या हॉटेलात वाजवताना जॅझची ओढ लागली. सत्तरच्या दशकात ते कोलकात्याला आले. पार्क स्ट्रीटवरच्या 'ब्लू फॉक्स'मध्ये गायिका पॅम क्रेन आणि गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांच्यासोबत वाजवू लागले. लोक जेवतायत, गप्पा मारतायत, आणि यांनी वाजवत राहायचं. आम्हाला वाटतं, खरी तालीम तीच. तिथेच राहुल देव बर्मन यांनी त्यांना ऐकलं आणि 'मुक्ती'च्या संगीतासाठी बोलावलं. १९७९ च्या सुमारास ते मुंबईत स्थायिक झाले. जॅझ ऐकणारे मूठभरच. काम मिळालं ते चित्रपटांत, आणि जाहिरातींच्या जिंगल्समध्ये तर भरपूर.

"म्हणजे हॉटेलं, क्लब," अब्बा म्हणाले. त्यांचा खरा आक्षेप हाच होता, आणि तो गैर नाही. आम्ही त्यांना अहमद जमाल यांच्याबद्दल सांगितलं. १९३० साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये जन्म, तिसऱ्या वर्षापासून पियानो, सतराव्या-अठराव्या वर्षी वाद्यवृंदाबरोबर दौरे, आणि पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत इस्लामचा स्वीकार. १९५८ ची त्यांची रेकॉर्ड शंभराहून अधिक आठवडे, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ, खपाच्या यादीत राहिली. हाती पैसा आला तेव्हा त्यांनी शिकागोत 'अलहम्ब्रा' नावाचं स्वतःचं ठिकाण काढलं. तिथे दारू मिळत नसे. १९६१ मध्ये ते बंद पडलं, हेही आम्ही लपवलं नाही. पियानो मात्र २०२३ साली इंतिकाल होईपर्यंत त्यांच्या सोबत होता.

अब्बा काही वेळ गप्प बसले. मग ठरलं ते असं: आधी गणित, मग इशानंतर अर्धा तास कीबोर्ड, तोही आवाज कमी ठेवून. आम्ही मागच्या जुम्याला गेलो तेव्हा ऐकलं. भाच्याचा उजवा हात बरा चालतो. डावा अजून मागे पडतो.