मध्यस्थाचीही एक भूमिका असते

दिवाळीनंतर सिल्लोडच्या बाजार समितीत मक्याची आवक वाढते आणि आडत दुकानांत क्षणाची उसंत राहत नाही. घरातले जुने वाद बहुधा याच दिवसांत वर येतात. असेच एक घर कल्पनेत घेऊ. धाकट्या भावाने एका व्यापाऱ्याला दोन लाखांची उधारी दिली. ती वसूल होईना. थोरला मुनीमासमोरच म्हणाला, "तुला धंदा कळतच नाही." धाकटा गप्प राहिला, रात्री आईजवळ बसून म्हणाला, "दादा मला माणसांत धरतच नाही." आईने थोरल्याची समजूत घातली आणि कोणालाही न सांगता आपली मुदत ठेव मोडून रक्कम भरून टाकली.

आठवड्याने धाकट्याला हे कळले, तेव्हा तो आईवरच कडाडला, "तुला कोणी सांगितले होते?" आईच्या डोळ्यांना पदर लागला, थोरला तिच्या बाजूने धावून आला. माणसे तीच, भूमिका तेवढ्या फिरल्या. उधारी कोणाला आणि किती द्यावी, हा मूळ प्रश्न मात्र तसाच पडून राहिला.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ स्टीफन कार्पमन यांनी १९६८ साली हा फेरा एका त्रिकोणातून मांडला: दोष देणारा, बिचारा आणि तारणहार. यांतील तारणहार ओळखणे सर्वांत कठीण, कारण तो सद्गुणासारखा दिसतो. आपल्या घरांत तर त्याचे कौतुकच होते. परंतु न मागता केलेली मदत समोरच्याला "तुला जमणार नाही" असेच सांगत असते. खरी अडचण असलेला माणूस आणि बिचारेपण धरून बसलेला माणूस यांत फरक आहे, हेही विसरता कामा नये.

या फेऱ्याची किंमत केवळ मनस्तापाची नसते. एका भागीदाराने वादाची लेखी सूचना दिली, की सर्वांची संमती येईपर्यंत बँक सहसा खात्यावरील व्यवहार थांबवते. शेतकऱ्याची पट्टी तर त्याच दिवशी चुकती करायची असते.

१९९० साली एसी चॉय यांनी या तीन भूमिकांना पर्याय सुचवले. दोष देणाऱ्याने माणसावर न घसरता आपले म्हणणे स्पष्ट मांडावे. बिचाऱ्याने अडचण मान्य करून उपाय स्वतः शोधावा. तारणहाराने आधी ऐकावे आणि मागितली तेवढीच मदत द्यावी. वाचायला सोपे, गादीवर बसून करायला अवघड! क्षमापनेचा संदेश शेकडो मोबाइलवर जातो, पण शेजारच्या गादीवर बसलेल्या भावापाशी शब्द अडतो.

त्या घरात आईने रक्कम भरण्याआधी धाकट्याला एवढेच विचारले असते, "हे तू दादाशी बोललास का?" तर तो कदाचित रुसला असता. पण दुसऱ्या दिवशी, आवक सुरू होण्यापूर्वी, मुनीमाला बाहेर पाठवून दोघे भाऊ खातेवही उघडून बसले असते आणि उधारीची मर्यादा एका कागदावर उतरली असती.