अंबरनाथची विमको

अंबरनाथ पश्चिमेच्या ‘विमको नाक्या’ला ज्या कारखान्यामुळे नाव मिळाले, ती वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी 1923 साली स्थापन झाली. तिच्यामागे स्वीडिश मॅच ही तेव्हाची आगपेट्यांची जगभर पसरलेली कंपनी होती. 1922 साली सरकारने आयात आगपेट्यांवर ग्रोसमागे, म्हणजे 144 पेट्यांमागे, दीड रुपया जकात लावली. तयार पेट्या बोटीने आणून विकण्यापेक्षा त्या इथेच बनवणे फायद्याचे ठरले. मुंबई बंदर जवळ आणि पुण्याकडे जाणारा लोहमार्ग दारात, म्हणून अंबरनाथ सोयीचे होते. पुढे बरेली, कलकत्ता, मद्रास आणि धुबरी इथेही कंपनीचे कारखाने चालले. स्वीडिश साम्राज्याचा मालक इव्हार क्रूगर 1932 साली पॅरिसमध्ये मरण पावला आणि त्याचा डोलारा कोसळला. विमको मात्र टिकली.

काडी दिसते साधी, तिच्यामागचे रसायन विलक्षण नेमके आहे. साल काढलेला ओंडका फिरता ठेवून पात्याने त्याचा सलग पापुद्रा सोलतात आणि त्याच्या काड्या कापतात. विझलेल्या काडीचा निखारा धुमसू नये म्हणून त्या फॉस्फेटच्या द्रावणात भिजवून वाळवतात. मग टोक मेणात बुडवतात, त्यामुळे गुलाची ज्योत लाकडापर्यंत पोचते. गुलात पोटॅशियम क्लोरेट, गंधक आणि सरस असतो. तांबडा फॉस्फरस मात्र पेटीच्या पट्ट्यावर. दोन्ही घासल्याशिवाय आग नाही, हेच ‘सेफ्टी’ काडीचे मर्म. मोठ्या यंत्रात भोके असलेल्या पट्ट्यांच्या साखळीत काड्या रोवल्या जातात. साखळी मेणातून, गुलातून आणि वाळवणीतून फिरून त्या भरायला बाहेर सोडते. क्लोरेट आणि फॉस्फरस एकत्र आले तर स्फोट ठरलेला, म्हणून आगपेटीच्या कारखान्यात रसायनांच्या खोल्या एकमेकींपासून दूर ठेवाव्या लागतात. यंत्रे भंगारात गेली तरी अशा आवाराची मांडणी जाणकाराला वाचता येते.

1934 पासून आगपेटीवर उत्पादन शुल्क आले. शुल्क भरल्याची खूण म्हणून पेटीवर सरकारी पट्टी, ‘बँडरोल’, चिकटवली जाई. साहजिकच अशा कंपनीच्या कचेरीत हिशेबाच्या वह्यांना यंत्रांइतकेच महत्त्व होते. बंद कंपनीच्या आवारात इतिहासकाराने आधी शोधावे ते हेच: शुल्काच्या नोंदी, हजेरीपट, पगाराची पुस्तके. अंबरनाथच्या कामगार कुटुंबांचा इतिहास भिंतींपेक्षा या कागदांत अधिक सापडेल.

शुल्काच्या दरानेच पुढे विमकोची कोंडी केली. 1920 च्या दशकात शिवकाशीत उभ्या राहिलेल्या हातकामाच्या कारखान्यांना शुल्कात सवलत मिळत गेली. स्वस्त मजुरीची त्यात भर पडली आणि यंत्राने बनवलेली पेटी महाग ठरू लागली. अंबरनाथचा कारखाना बंद झाला. 2005 च्या सुमारास कंपनीची मालकी आयटीसीकडे गेली आणि विमकोची ‘शिप’ व ‘होमलाइट्स’ ही नावेही तिच्याकडे आली.