शाळांचे विलीनीकरण आणि लोकमत : खालापूर-कर्जतच्या वाड्यांच्या संदर्भात

साजगाव हे खालापूर तालुक्यातील खोपोलीलगतचे गाव. कार्तिकी एकादशीच्या सुमारास येथे विठोबाची यात्रा भरते, आणि तेथील सुक्या मासळीच्या बाजारामुळे हा देव ‘बोंबल्या विठोबा’ या नावाने ओळखला जातो. यात्रेच्या दिवसांत डोंगराकडील वाड्यांतील माणसे बायकामुलांसह खाली उतरतात. तथापि, वर्षातून एकदा यात्रेस उतरणे आणि सहा वर्षांच्या मुलाने शाळेसाठी रोज उतरणे या दोन अगदी भिन्न गोष्टी होत. कमी पटाच्या शाळा बंद करून त्या मोठ्या शाळांत विलीन करण्याच्या शासकीय निर्णयांवर जे लोकमत प्रकट झाले, त्याचे मर्म समजून घेण्यास हा भेद उपयोगी पडतो.

निर्णयांचा क्रम थोडक्यात असा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये राज्य शासनाने दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १,३०० शाळा बंद करून तेथील मुलांचे अन्य शाळांत समायोजन करण्याचे ठरविले. २०२२ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागविण्यात आली. अशा शाळांची संख्या १५ हजारांच्या आसपास व त्यांतील विद्यार्थी सुमारे १ लाख ८५ हजार, म्हणजे दर शाळेमागे सरासरी बारा-तेरा मुले, असे चित्र पुढे आले. २१ सप्टेंबर २०२३ रोजी शिक्षण आयुक्तांच्या पत्राने अशा शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागविले. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील पानशेत व नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील प्रयोग नमुन्यादाखल पुढे ठेवण्यात आले. पुढे १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले.

शासनाची बाजू सर्वथा निराधार नाही. पाच इयत्ता, दहा मुले आणि एक-दोन शिक्षक अशा शाळेत मुलास समवयस्कांची संगत लाभत नाही, खेळाचा संघ उभा राहत नाही, आणि शिक्षक रजेवर वा सभेस गेला की शिकवणे थांबते. लहान शाळांची साधने एकत्र आणावीत ही कल्पनाही नवी नव्हे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळासंकुलाची शिफारस केली होती, व २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिचा पुनरुच्चार केला. मात्र एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कोठारी आयोगाच्या संकुलात शाळा आपापल्या जागी राहून परस्परांशी जोडल्या जावयाच्या होत्या; समायोजनात शाळा जागेवरून उठते. शासकीय लेखनात ‘समायोजन’ हा शब्द येतो, तर वाडीवरील मनुष्य ‘शाळा बंद झाली’ असे म्हणतो. हा शब्दभेद केवळ भाषेचा नाही. शासनाच्या दृष्टीने शाळा हे पटसंख्येवर मोजावयाचे एकक आहे; पालकाच्या दृष्टीने ती घरापासून मूल चालत जाऊ शकेल अशी जागा आहे.

कायद्याने या दुसऱ्या दृष्टीस बरीच मान्यता दिलेली आहे. २००९ च्या बालशिक्षण हक्क कायद्यानुसार ‘परिसरातील शाळा’ हा मुलाचा अधिकार ठरतो. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर व सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतर नियमांनी निश्चित केले आहे. केंद्राच्या २०१० च्या नियमांत याहून महत्त्वाची अशी एक तरतूद आढळते. जेथे भूभाग बिकट आहे, दरडी कोसळण्याचे वा पुराचे भय आहे, किंवा रस्ता नाही, तेथे हे अंतर कमी करून शाळेची जागा ठरवावी, असे ती सांगते. लहान वस्त्यांतील मुलांसाठी मोफत वाहतूक व निवास यांचाही त्या नियमांत निर्देश आहे. अर्थात अंतराचे माप केवळ नकाशावर घ्यावयाचे नसून वाटेच्या स्वरूपावर घ्यावयाचे आहे.

खालापूर व कर्जत या तालुक्यांत या तरतुदीचा अर्थ विशेष स्पष्ट होतो. सह्याद्रीच्या उतारावर ठाकर व कातकरी यांच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. चार महिने पावसाचा जोर असतो व ओढे एकाएकी भरून वाहू लागतात. खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा वाहनाचा रस्ता नसल्याने मदतपथकांना डोंगर पायी चढून जावे लागले. प्रौढ व प्रशिक्षित मनुष्यास जी वाट कठीण वाटली, तशाच वाटांवर पहिलीच्या मुलाची रोजची ये-जा गृहीत धरता येत नाही. उलटपक्षी साजगावसारख्या रस्त्यालगतच्या गावी दोन शेजारच्या शाळा एकत्र झाल्यास मुलांचा तोटा होईलच असे नाही. एकच निकष दोन्ही ठिकाणी लावणे हे या निर्णयांतील मूळ वैगुण्य होय.

आता प्रतिक्रियेचे स्वरूप पाहू जाता तिचे तीन प्रकार आढळतात. पहिला प्रकार शिक्षक संघटनांच्या विरोधाचा. नव्या निकषांनुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुले असल्यास शिक्षकपद मंजूर होत नाही. तेव्हा संघटनांचा विरोध तीव्र व सुसंघटित असणे स्वाभाविक आहे. त्यात पदांचा प्रश्न आहे, तसाच मुलांचाही आहे. शिक्षक काढून घेतल्यावर शाळा बंद करण्याचा वेगळा आदेश काढावा लागत नाही.

दुसरा प्रकार पालकांच्या प्रत्यक्ष आंदोलनाचा. निवेदन, ग्रामसभेचा ठराव व मोर्चा हे त्याचे नेहमीचे मार्ग. या तालुक्यांबाहेरील एक उदाहरण येथे बोधप्रद ठरते. नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातील दरेवाडी ही भाम धरणामुळे विस्थापित झालेली वस्ती. तेथील शाळा बंद झाल्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये मुले शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली. ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ ही त्यांची मागणी होती. या घोषणेत उपरोध आहे खरा, पण तिच्यातील विधान वस्तुस्थितीचे आहे. शाळा दूर गेली म्हणजे मुलाचा दिवस रिकामा राहत नाही. तो गुरे-शेळ्या राखण्यात, धाकट्या भावंडांस सांभाळण्यात किंवा मजुरीत जातो.

तिसरा प्रकार मौनाचा, आणि अभ्यासकाने सर्वाधिक लक्ष द्यावे तो हाच. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये असे प्रतिपादन केले की, एखाद्या संस्थेची सेवा खालावली असता माणसे एकतर आवाज उठवितात किंवा ती संस्था सोडून जातात. आणि ज्यांचा आवाज परिणामकारक ठरला असता तेच आधी सोडून गेले, तर मागे राहिलेल्यांची बाजू दुबळी होते. त्यांनी स्वतः सार्वजनिक शाळांचे उदाहरण दिले आहे. ते येथेही लागू पडते. ज्या पालकास वाहनाचे भाडे परवडते तो आपले मूल शहरातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालतो. त्यामुळे गावच्या शाळेचा पट घटतो, आणि शाळा वाचविण्यासाठी तालुक्याच्या कचेरीत जाऊ शकणारा मनुष्यही तिच्याशी संबंध राखून राहत नाही. उरतात ती बहुधा भूमिहीन व मजूर कुटुंबांची मुले.

कातकरी कुटुंबांच्या बाबतीत हे अधिकच तीव्रतेने जाणवते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. वाडीत शाळा असेल तर परतलेले मूल शिक्षकाच्या नजरेस पडते, व शिक्षक त्यास घरी जाऊन बोलावू शकतो. शाळा तीन किलोमीटर दूर गेली की ही ओळख तुटते. असे मूल शाळेत आले नाही तर त्याची बातमी होत नाही, निवेदन होत नाही, मोर्चा निघत नाही. शासनदरबारी या मौनाची नोंद संमती म्हणून होण्याचा धोका असतो.

कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, परंतु शाळा बंद करण्यास त्या समितीची संमती आवश्यक मानलेली नाही. ही उणीव भरून निघाल्यास निदान वाडीचे म्हणणे लेखी नोंदले जाईल. त्याचप्रमाणे वाहनाची वा निवासाची सोय आधी आणि स्थलांतर नंतर, हा क्रम पाळला जाणे आवश्यक आहे. तोपर्यंत विलीनीकरणाविषयीचे लोकमत अजमावण्यासाठी मोर्च्यांची गणना अपुरी होय. बंद झालेल्या शाळेच्या पटावरील नावे घेऊन वर्षभरानंतर नव्या शाळेच्या हजेरीपत्रकात त्यांतील किती आढळतात, हे नावानिशी पाहिले पाहिजे. जी नावे सापडणार नाहीत, त्यांच्या घरी जाऊन कारण विचारणे हे पुढील संशोधनाचे पहिले काम ठरेल.