परदेशगमन आणि घरचा कुत्रा : आवश्यक पूर्वतयारी

कागल ओलांडून निपाणीकडे येताना कोगनोळीजवळ महाराष्ट्र व कर्नाटक या राज्यांची हद्द लागते. सीमाभागातील माणसे कामानिमित्त ती वारंवार ओलांडतात. गाडीतून सोबत आलेल्या कुत्र्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. मात्र रोगाचा प्रश्न उद्भवला की हद्दीचे महत्त्व ध्यानात येते. २०२२ साली लंपी चर्मरोगाची साथ पसरली, तेव्हा गुरांच्या वाहतुकीवर निर्बंध घालावे लागले होते. देशादेशांमधील सीमेवर कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत असे निर्बंध कायमचेच असतात. शिक्षण वा नोकरीनिमित्त सहकुटुंब परदेशी जाणाऱ्यांनी हे प्रारंभीच जाणून घेणे हिताचे आहे. कारण या कामी खर्चापेक्षाही वेळ महत्त्वाचा असतो.

निर्बंधांचे कारण

या नियमांचे मुख्य कारण अलर्क रोग, म्हणजेच रेबीज, हे होय. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून रोगाचे विषाणू चाव्यावाटे शरीरात शिरतात व मज्जातंतूंच्या मार्गाने मेंदूकडे सरकतात. त्यास काही आठवडे, प्रसंगी अनेक महिने लागतात. या अवधीत जनावर वरकरणी निरोगी दिसते. लक्षणे प्रकट झाल्यावर मात्र, माणूस असो वा जनावर, मृत्यू जवळजवळ अटळ असतो. त्यामुळे कुत्रा धडधाकट दिसतो, एवढा पुरावा परदेशात पुरेसा मानला जात नाही.

बेळगावच्या टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोत एके काळी देवीची लस तयार होत असे. लसीमुळे शरीरात प्रतिकारद्रव्ये निर्माण होतात, हे तत्त्व रेबीजच्या लसीसही लागू आहे. ती पुरेशी निर्माण झाली की नाही, हे रक्ततपासणीने कळते. तपासणीनंतरच्या प्रतीक्षाकाळाचा हेतू निराळा आहे. लस टोचण्यापूर्वीच कुत्र्यास संसर्ग झाला असल्यास तो बहुधा या काळात उघडकीस येतो.

क्रम चुकू नये

युरोपीय संघातील देश व ब्रिटन यांच्या नियमांनुसार भारतातून येणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत पुढील क्रम पाळावा लागतो.

(१) प्रथम तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप कातडीखाली बसवावी. तिच्यावरील १५ अंकी क्रमांक हीच कुत्र्याची ओळख होय.

(२) त्यानंतर रेबीजची लस टोचावी. पिलाचे वय किमान १२ आठवडे असावे. चिप बसविण्यापूर्वी टोचलेली लस ग्राह्य धरली जात नाही.

(३) लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावा. एक मिलिलिटर रक्तद्रवात किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक प्रतिकारद्रव्ये आढळली पाहिजेत.

(४) नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबावे.

उदाहरणार्थ, १ डिसेंबरला चिप व लस झाली आणि १ जानेवारीस रक्त घेतले, तर १ एप्रिलपूर्वी प्रवेश मिळणार नाही. लसीची मुदत संपण्यापूर्वी पुढील मात्रा न दिल्यास हा सर्व क्रम पुन्हा करावा लागतो. ब्रिटनमध्ये नेण्यापूर्वी कुत्र्यास फीतकृमींवरील औषधही ठराविक मुदतीत द्यावे लागते. जपानमध्ये प्रतीक्षाकाळ १८० दिवसांचा आहे. अमेरिकेने ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांसाठी नवे नियम लागू केले असून, तेथे नेण्यासाठी कुत्र्याचे वय किमान सहा महिने असावे लागते. ऑस्ट्रेलियात भारतातून थेट कुत्रा नेता येत नाही. सारांश, पारपत्राच्या अर्जाबरोबरच कुत्र्याच्या तयारीस आरंभ करावा.

प्रवासाची व्यवस्था

देश सोडण्यापूर्वी केंद्र शासनाच्या पशु विलगीकरण व प्रमाणन सेवेकडून आरोग्य प्रमाणपत्र घ्यावे लागते. बेळगावहून सोयीची कार्यालये मुंबई व बंगळूर येथे आहेत. दोन्ही शहरे सुमारे ५०० किलोमीटर अंतरावर आहेत. पिंजरा असा असावा की, त्यात कुत्र्यास उभे राहता, वळता व आडवे होता येईल. त्याची सवय काही आठवडे आधीपासून घरीच लावावी. गुंगीचे औषध देणे धोक्याचे असते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना विमानात श्वसनाचा त्रास होण्याचा संभव असल्याने अनेक विमान कंपन्या त्यांना नेत नाहीत. गावठी कुत्र्यास ही अडचण नसते.

नेणे शक्य नसल्यास

कुत्रा वृद्ध वा आजारी असल्यास त्यास न नेणेच इष्ट ठरते. अशा वेळी त्यास ओळखीच्या घरी सोपवावे, लसीकरणाची नोंदवही सोबत द्यावी व निघण्यापूर्वी काही दिवस तेथे राहण्याची सवय लावावी. कुलूप लागलेल्या घरासमोर वा शेतावर त्यास सोडून जाणे सर्वथा गैर आहे. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. शिवाय मोकाट झालेल्या कुत्र्याची लस पुढे कोणी टोचत नाही आणि त्याचा धोका गावातील मुलांना पोहोचतो.

परदेशी जावयाचे असो वा नसो, दरवर्षी लस टोचून तिची तारखेसह नोंद ठेवणे हे प्रत्येक पालकाचे कर्तव्य आहे. शिक्षक व ग्रामपंचायतींनी याचे महत्त्व गावकऱ्यांस पटवून द्यावे आणि अधिक माहितीसाठी नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधण्यास सांगावे.