घरच्या अंगणात मोटारीचे ऑइल बदलताना

खानापूर तालुक्यातील आमच्या खेड्यात, आमच्या घरी, गेली नऊ वर्षे एक लहान पेट्रोल मोटार आहे. रविवारी मिस्सेला, अधूनमधून बाजारहाटासाठी खानापूरला आणि कोणी आजारी पडल्यास बेळगावच्या इस्पितळात, एवढाच तिचा प्रवास. वर्षाकाठी तीन हजार किलोमीटरही भरत नाहीत. उरलेले दिवस ती अंगणात फणसाखाली उभी असते आणि तिच्या टपावर कोंबड्या बसतात. अशा मोटारीचे ऑइल दरवर्षी बदलण्याची गरजच काय, असा प्रश्न आमच्या थोरल्या बंधूंनी अनेकदा केला, व त्यास समाधानकारक उत्तर आम्हांस देता आले नव्हते. तीन वर्षांपासून हे काम आम्ही घरीच करू लागलो, तेव्हा उत्तरही सापडले आणि दोन गोष्टी अशा समजल्या की त्या वाचकांच्या कानी घालणे आम्हांस आवश्यक वाटते.

काम घरी करण्याचे कारण प्रथम सांगतो. एकदा मोटार गॅरेजात देण्यापूर्वी आमच्या पुतण्याने, थट्टेने म्हणा की संशयाने म्हणा, जुन्या ऑइल फिल्टरवर त्याच्या आईच्या नखांना लावावयाच्या रंगाचा एक लाल ठिपका देऊन ठेवला. मोटार परत आली. बिलात नव्या फिल्टरची किंमत लावलेली होती. पुतण्या वाकून पाहतो तो लाल ठिपका जागच्या जागी! ते गॅरेज कोणते हे सांगण्यात अर्थ नाही. सर्वच मिस्त्री असे नसतात, आणि पुष्कळ प्रामाणिक माणसे आमच्या परिचयाची आहेत. परंतु त्या दिवशी पुतण्या म्हणाला, “काका, हे आपणच का करू नये?” आणि आम्हांस नाही म्हणता आले नाही.

आता बंधूंच्या प्रश्नाकडे वळू. इंजिनातील ऑइल केवळ वंगणाचे काम करते हा समज अपुरा आहे. ते आतील उष्णता वाहून नेते, काजळी व धातूचे सूक्ष्म कण आपल्यात धरून ठेवते, आणि लोखंडाला गंजू देत नाही. हे करता करता ते स्वतः मळत जाते. म्हणून ऑइल काळे पडले म्हणजे लगेच बिघडले असे समजू नये. काळे पडणे हे बऱ्याच अंशी ते आपले काम करीत असल्याचेच लक्षण आहे. डिझेलच्या इंजिनात तर नवे ऑइल थोड्याच दिवसांत काळे होते. खरा घात दिसत नाही, तो पाण्याने होतो. एक लिटर पेट्रोल जळले की त्यापासून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. त्यातील बहुतेक वाफेच्या रूपाने सायलेन्सरवाटे निघून जाते. थंडीच्या सकाळी सायलेन्सरच्या तोंडाशी जे थेंब दिसतात ते हेच. परंतु थोडी वाफ इंजिनाच्या पोटात शिरते. मोटार लांब पल्ल्यावर गेली तर ऑइल चांगले तापते व ही ओल उडून जाते. चर्चपर्यंत दोन किलोमीटर जाऊन परत येणारे इंजिन मात्र पुरते तापण्यापूर्वीच बंद होते. मग पाणी व न जळालेले पेट्रोल ऑइलमध्येच राहते, त्यातून आम्ले तयार होतात, आणि फणसाखाली उभ्या असलेल्या मोटारीचे इंजिन आतून हळूहळू कुरतडले जाते. म्हणूनच कंपन्यांच्या पुस्तिकेत किलोमीटरच्या जोडीला मुदतही दिलेली असते: दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, असा नियम आज पुष्कळशा पेट्रोल मोटारींना आहे. आमच्यासारख्या घरांत किलोमीटरचा आकडा नव्हे, कॅलेंडरच पाहावयाचे असते. हे ऐकून बंधू म्हणाले, “म्हणजे कमी फिरवली म्हणून अधिक जपली असे होत नाही तर!” तसेच आहे.

ऑइल कोणते घ्यावे याविषयी गावोगावी मते असतात. डब्यावर 5डब्ल्यू-30 किंवा 20डब्ल्यू-40 असे आकडे असतात. ऑइलच्या दाटपणाची ही वर्गवारी अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने 1911 साली सुरू केली व पुढे ती वाढत गेली. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे आहे. त्यापूर्वीचा आकडा इंजिन गार असताना ऑइल किती सहज वाहते हे सांगतो, आणि नंतरचा आकडा ते तापल्यावर किती दाट राहते हे सांगतो. आपल्याकडे उन्हाळा कडक, सबब दाट ऑइल चांगले, असे जुने ड्रायव्हर सांगतात. जुन्या इंजिनांपुरते त्यात तथ्य होते. आजच्या इंजिनांतील फटी फार बारीक असतात व तेथे दाट ऑइल वेळेवर पोहोचत नाही. तेव्हा शेजाऱ्याचे न ऐकता मोटारीच्या पुस्तिकेचे ऐकावे. मोटारीचे उरलेले ऑइल मोटारसायकलीत ओतण्याचा मोहही टाळावा. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो, आणि मोटारीच्या ऑइलने तो घसरू लागतो.

आता आम्ही ज्यासाठी मुख्यतः लेखणी उचलली ते सांगतो.

पहिल्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात, परतीचा पाऊस होऊन गेल्यावर, आम्ही हे काम काढले. पुतण्याने मोटारीबरोबर मिळालेला जॅक लावून पुढील भाग उचलला. मागच्या चाकांना दगड लावले होते, हातब्रेक ओढला होता. घाटात नादुरुस्त लॉऱ्यांचे ड्रायव्हर सुटे चाक गाडीखाली आडवे सरकवून ठेवतात हे आम्ही पाहिले होते, तेवढ्यावरून आम्हीही ते तसे ठेवले. “काका, पाच मिनिटांचे तर काम,” असे म्हणून तो पाठीवर सरकत आत गेला, आणि आम्ही नरसाळे आणावयास स्वयंपाकघराकडे वळलो. अंगणातील तांबडी माती वरून कोरडी दिसत होती, पण आत ओल होती. जॅकचा पाय एका बाजूने मातीत रुतला, जॅक कलंडला व मोटार खाली आली. ती सुट्या चाकावर टेकली. मुलाची छाती व मोटारीचे लोखंड यांमध्ये चार बोटांचे अंतर राहिले होते. तो सरकत बाहेर आला. बंधू ओसरीवरून धावत आले होते, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. वहिनींनी त्याला पाणी दिले आणि त्या दिवशी काम तसेच राहिले.

मोटारीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर मोटारीखाली शरीराचा कोणताही भाग घालू नये. हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही, पण ठाऊक असणे निराळे. पुढच्याच आठवड्यात आम्ही गावच्या सुताराकडून जाड फळ्यांच्या दोन रुंद उतरणी करून घेतल्या, सुमारे वीतभर उंचीच्या. पुढील चाके त्यांवर चढवून मोटार उभी केली की जॅकची गरजच राहत नाही. उतरणी कठीण, सपाट जागेवर ठेवाव्यात. आम्ही त्या आता अंगणात न ठेवता खळ्याच्या फरशीवर ठेवतो.

बाकीचे काम खरोखरच सोपे आहे. इंजिन पाच मिनिटे चालवून बंद करावे, म्हणजे ऑइल कोमट व पातळ होते. फार तापवू नये, हात भाजतो. ऑइल ओतण्याचे वरचे झाकण सैल करावे. खाली ऑइलच्या चेंबरला जो बोल्ट असतो, ज्याला मिस्त्री चेंबर नट म्हणतात, त्याखाली जुने घमेले ठेवून योग्य मापाच्या पान्याने तो सोडवावा. येथे एक चूक पुष्कळांकडून होते: गिअरबॉक्सचा बोल्टही जवळच असतो, तोच उघडला जातो, मग गिअरबॉक्स कोरडा राहतो आणि इंजिनात दुप्पट ऑइल जाते. पुस्तिकेतील चित्र पाहून खात्री करावी. अर्धा तास निथळू द्यावे. बोल्ट परत बसविताना नवा वायसर घालावा, आणि सुरुवातीचे आटे बोटांनीच फिरवावेत. पान्याने जबरदस्ती केल्यास आटे जातात, व मग पाचपन्नास रुपयांच्या वायसरचे काम नव्या चेंबरवर जाते.

फिल्टर काढल्यावर इंजिनाच्या बाजूस बोट फिरवून पाहावे. जुन्या फिल्टरची रबरी कडी तेथेच चिकटून राहिली असेल आणि तिच्यावर नवा फिल्टर बसविला, तर इंजिन सुरू होताच दोन कड्यांमधून ऑइल पिचकारीसारखे बाहेर पडते. नव्या कडीला बोटाने नवे ऑइल लावावे, फिल्टर हाताने फिरवावा, कडी टेकल्यानंतर सुमारे पाऊण फेरा अधिक. पाना लावू नये. (फिल्टर ही वस्तू तशी जुनी आहे, अमेरिकेत 1923 साली ती प्रथम मोटारीसाठी निघाली.) लहान मोटारीत साधारण तीन लिटर ऑइल मावते, पण सगळे एकदम न ओतता थोडे हातचे राखावे. इंजिन सुरू केल्यावर ऑइलचा लाल दिवा काही क्षणांत विझला पाहिजे. न विझल्यास तात्काळ बंद करावे. खाली गळत नाही हे पाहून मोटार सपाट जागी आणावी, दहा मिनिटे थांबावे, आणि तेलाची पट्टी पुसून, पुन्हा बुडवून पाहावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असावे. वरच्या खुणेपलीकडे गेले तर आतील फिरत्या भागांनी घुसळून त्याला फेस येतो, आणि फेसाने वंगण होत नाही.

घमेल्यात मग काळे, जळके ऑइल उरते. आमच्या लहानपणी ते कुंपणाच्या खांबांना, घराच्या वाशांना वाळवीसाठी फासत. अंगणात धूळ बसावी म्हणून शिंपडलेलेही आम्ही पाहिले आहे. आमच्या अंगणात विहीर आहे, तीन घरे तिचे पाणी पितात, आणि तांबडी माती पावसाळ्यात वरचे सारे खाली नेते. एका मोटारीतून निघालेले ऑइल दहा लाख गॅलन गोडे पाणी दूषित करू शकते, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने म्हटले आहे. त्यात धातूंचे कण व जळताना तयार झालेली विषारी द्रव्ये असतात. प्रयोगशाळेत उंदरांच्या कातडीवर ते दीर्घकाळ लावले असता कातडीचा कर्करोग झाला आहे. म्हणून आम्ही हातमोजे घालतो, आणि वाशांना फासण्यासाठी ते आता कोणाला देत नाही. बंधूंना हे पटावयास दोन वर्षे लागली. वाळवीवर याहून स्वस्त औषध नाही, हे त्यांचे म्हणणे आजही कायम आहे.

जुने ऑइल नव्याच्या रिकाम्या डब्यात भरून, फिल्टर रात्रभर पालथा निथळवून, दोन्ही खानापूरच्या एका गॅरेजात नेऊन द्यावीत. वापरलेले ऑइल आपल्या देशात घातक कचऱ्यात मोडते, व 2016 च्या नियमांप्रमाणे ते परवानाधारक कारखान्याकडेच जावयाचे असते. तेथे शुद्ध होऊन त्याचे पुन्हा ऑइल बनते. गॅरेजातील पिंपात ते डोळ्यांदेखत ओतून घ्यावे, आणि रिकाम्या डब्याला खिळ्याने भोक पाडावे. चांगल्या कंपनीचे रिकामे डबे विकत घेऊन त्यांत बनावट ऑइल भरणारे लोक आहेत.

यंदाचे काम आम्ही पावसाळ्यापूर्वीच, मे महिन्यात उरकले. पुतण्याने बोल्ट सोडवला, बंधूंनी घमेले धरले. तारीख व किलोमीटरचा आकडा वहिनींनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला आहे, आणि नव्या फिल्टरवर, कारण नसताना, लाल ठिपकाही आहे.