डबा विकू नका, आवाज विका : होम थिएटर बसवणीचा धंदा

मागे मी व्हिडिओत म्हटलं होतं की, आपल्यासारख्या छोट्या दुकानदाराने ऑनलाइनवाल्यांशी भावात भांडू नये. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "मग भांडायचं कशात?" आज त्याचं एक उदाहरण देतो.

सुरुवातीच्या काळात मी पेणच्या दुकानातून रोह्याच्या एका गिऱ्हाईकाला ५.१ चा सेट दिला. माझ्या मुलाने जोडून दिला, आवाज आला, पैसे मिळाले. चौथ्या दिवशी काकांचा फोन. "अहो, नुसतं घुमतंय. माणसं काय बोलतात तेच कळत नाही. परत घेऊन जा." वडखळ, नागोठणे करत गेलो तेव्हा डोक्यात एकच हिशोब होता : सेट परत घेतला तर नफा तर गेलाच, वर पदरचे पैसे.

तिथे बघतो तर सबवूफर कोपऱ्यात कोंबलेला, मागचे दोन्ही स्पीकर शोकेसवर, आणि सोफा भिंतीला टेकलेला. दोन तास घालवले. एकही नवीन वस्तू लागली नाही. सेट तिथेच राहिला, आणि पुढे काकांनी त्यांच्या भाच्यालाही माझ्याकडेच पाठवलं. चूक सेटची नव्हती, माझी होती. मी डबा विकला होता, आवाज विकला नव्हता.

आधी जागा

टेप आणि सुतळी घेऊन जा. पुढचे डावा आणि उजवा स्पीकर एकमेकांपासून जेवढे लांब, तेवढंच अंतर प्रत्येकापासून बसायच्या जागेपर्यंत ठेवा. समान बाजूंचा त्रिकोण झाला की दोन्ही स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर येतात. कोनमापक लागत नाही. सेंटर स्पीकर टीव्हीच्या खाली किंवा वर, तोंड कानाकडे. संवाद मुख्यतः त्यातूनच येतात, म्हणून त्याला कपाटाच्या खणात आत ढकलू नका. मागचे स्पीकर बसणाऱ्याच्या बाजूला, किंचित मागे, साधारण ११० अंशांवर आणि कानाच्या थोडे वर.

मग सबवूफर

इथेच निम्मे लोक चुकतात. कोपऱ्यात ठेवला की बास वाढतो, आणि गिऱ्हाईकाला पहिल्या दिवशी "वा!" वाटतं. चौथ्या दिवशी डोकं दुखतं. १२ फुटांच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो. तो भिंतीजवळ जास्त आणि खोलीच्या मधोमध अगदी कमी ऐकू येतो. म्हणून सोफा भिंतीपासून शक्य तेवढा पुढे घ्या, पण बरोबर मध्यावरही नको.

सबवूफरची जागा शोधायची युक्ती सोपी आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर, म्हणजे बसायच्या जागी ठेवा. बासचं गाणं लावा. आता तुम्ही गुडघ्यांवर बसून भिंतीच्या कडेने फिरा. जिथे बास सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल, तीच सबवूफरची जागा. गिऱ्हाईक हसेल, हसू द्या. फरक ऐकला की तोच शेजाऱ्याला सांगेल.

शेवटी मोजमाप

१. तारा : लाल लालला, काळी काळीला. एक जरी उलटी लागली तरी आवाज पातळ होतो.

२. अंतर : प्रत्येक स्पीकरचं अंतर टेपने मोजून रिसीव्हरमध्ये भरा. आवाजाला एक फूट यायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. त्या हिशोबाने मशीन वेळ जुळवतं.

३. क्रॉसओव्हर : ८० हर्ट्झपासून सुरुवात करा. त्याखालचा आवाज कुठल्या दिशेने येतो हे कानाला नीटसं कळत नाही. पुढचे स्पीकर अगदी लहान असतील तर १२० पर्यंत वर न्या.

४. लेव्हल : रिसीव्हरचा टेस्ट टोन लावून बसायच्या जागी प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलला आणा. मोबाइल अ‍ॅपचा आकडा अचूक नसतो, पण सगळे स्पीकर एकमेकांशी जुळवायला पुरतो. सबवूफरला मात्र तो फसतो, तिथे कान वापरा.

५. फेज : सबवूफरचं बटण ० आणि १८० वर करून बघा. सोफ्यावर जिथे बास भरीव वाटेल, ते ठेवा.

रिसीव्हरसोबत माईक आला असेल तर तो स्टँडवर, कानाच्या उंचीला ठेवा. हातात धरू नका. पंखा, एसी बंद. आपल्याकडे स्लॅबची घरं, खाली टाइल्स, भिंती मोकळ्या. टाळी वाजवून बघा. खणखणली तर आधी जाड पडदा आणि सतरंजी सुचवा, महागडा स्पीकर नाही.

पैसे कुठे आहेत?

बसवणी "फ्री" देऊ नका. बिलावर वेगळी ओळ टाका. सेटवरचा नफा ऑनलाइन भावामुळे रोज घासला जातो, पण तुमच्या दोन तासांचा भाव मोबाइलवर कुणी शोधू शकत नाही. पेणहून रोह्याला जाणं म्हणजे अर्धा दिवस, तो खर्च आधीच धरा. एका दिवशी त्या बाजूची दोन कामं लावली तर परवडतं.

निघताना एका कागदावर अंतर, लेव्हल, क्रॉसओव्हर लिहून द्या आणि त्याचा फोटो स्वतःकडे ठेवा. घरातल्या मुलांनी सेटिंग बिघडवलं तर फोनवरच काम होतं, फेरी वाचते. आणि जाता जाता सांगा : रहिवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे, तेव्हा बास कमी ठेवा. शेजारी नाराज झाला तर तुमचं पुढचं गिऱ्हाईक गेलं!

या आठवड्याचा गृहपाठ : आधी स्वतःच्या घरचा सबवूफर हलवून बघा. स्वतःच्या कानांनी फरक ऐकल्याशिवाय दुसऱ्याला तो विकता येत नाही. भेटू पुढच्या व्हिडिओत.